तिन्हीसांजेची सोबत

खोली भाड्याने द्यायच्या आधी काकूंनी माझा वास घेतला.

अगदी जवळ येऊन, खांद्यापाशी नाक आणून घेतला. मग माझी पर्स मागितली, उघडली, तिच्यातली सॅनिटायझरची छोटी बाटली शेपटीला धरलेल्या उंदरासारखी दोन बोटांत उचलली आणि अंगणापलीकडच्या निवडुंगात भिरकावली.

"हे या घरात नाय," त्या म्हणाल्या. "हात धुवायला साबन हाय, पानी हाय. खोकल्याचं औषध आनायचं नाय. सेंट आनायचा नाय. आंबलेलं काय ठेवायचं नाय. चालतंय का बोल."

कोरोना नुकताच ओसरला होता. सगळं जग त्या बाटल्या देवासारख्या दारात मांडून बसलं होतं आणि ही बाई ती कुंपणात फेकत होती. मी मुरबाडला नवीन होते. माझी शाळा टोकावड्याच्या अलीकडे एका पाड्यावर होती, रोज एसटीने जाऊन येऊन करायचं होतं. एकट्या मुलीला खोली द्यायला कोणी तयार नव्हतं. शाळेतल्या एका बाईंनी हे घर सुचवताना एवढंच म्हटलं होतं, "घर चांगलं आहे. बाई जरा विक्षिप्त आहे, पण विक्षिप्तपणाने कोणी मरत नाही." मी चालतंय म्हटलं.

"आजून एक," काकू म्हणाल्या. "दिवेलागनीला खाली यायचं. माझ्याजवळ बसायचं. बोललीस तरी चालंल, नाय बोललीस तरी चालंल. पन हे घरी येईपर्यंत उठायचं नाय."

"का?"

"का ते नाय. भाडेकरूंनी यायचं."

"हे" म्हणजे काका. ते मुरबाड ते कल्याण जीप चालवायचे आणि अंधार पडल्यावर घरी यायचे. काकू घरात शिवणक्लास चालवत आणि ब्लाऊज शिवत. खाली पुढच्या खोलीत मशिनी होत्या, वरची खोली माझी. जिन्याला कठडा नव्हता. मी वर सामान ठेवलं आणि मनाशी म्हटलं, दुसरी खोली मिळेपर्यंत राहू.

पहिले काही दिवस त्या संध्याकाळी मला फार जड गेल्या. क्लासच्या मुली गेल्या की काकू देवाजवळ दिवा लावायच्या, सगळ्या खोल्यांतले बल्ब लावायच्या आणि माझ्यासमोर येऊन बसायच्या. हातात एखादा ब्लाऊज, त्याचे कच्चे टाके उसवत. नजर मात्र टाक्यांवर नसायची, माझ्या तोंडावर असायची. मध्ये परातभर कुरमुरे, चिंच-मीठ, गूळ घातलेलं कोकमाचं सरबत तांब्याने भरलेलं. त्या सारखं काहीतरी तोंडात टाकत राहायच्या आणि मलाही टाकायला लावायच्या. "पोट रिकामं ठेवलं की ते दुसरंच काय मागतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला मागच्या अंगणातल्या मोरीपर्यंत जायचं असलं तर त्या म्हणायच्या, "बोलत जा, बोलत ये." आणि मी खरोखर मोठ्याने बोलत जायची. शाळेतल्या पोरांची नावं, फळ्यावरचे पाढे, जे सुचेल ते. आवाज जरा थांबला की आतून हाक यायची, "काय झालं गो?"

मग वळणावर जीपचा हॉर्न वाजायचा. तो ऐकला की काकूंचे खांदे एकदम खाली यायचे. काका उंबऱ्यावर चपला काढून उभे राहायचे आणि मुकाट्याने मान पुढे करायचे. काकू त्यांच्या तोंडाचा वास घ्यायच्या. "या," म्हणायच्या. तेव्हाच ते आत यायचे आणि तेव्हाच मला उठायची परवानगी असायची. हे रोज. त्या उंच, दणकट माणसाने एकदाही कपाळाला आठी घातलेली मी पाहिली नाही.

एकदा मी शेजारच्या पाटलीणबाईंना आडून विचारलं. त्या पदराआड हसल्या. "तुला सांगितलं नाय? तिचं डोकं फिरलेलं हाय, पन आदी काय होतं त्यापरीस आत्ता बरं." एवढं म्हणून त्या आत निघून गेल्या.

कळलं ते बाजारात. काकू बाजाराला जाताना नेहमी लांबचा रस्ता धरत, देवळामागून, गटाराच्या कडेने. त्या दिवशी तो रस्ता काँक्रीटसाठी खणून ठेवला होता. दुसरी वाट एकच होती आणि ती दारूच्या दुकानावरून जात होती. काकू कोपऱ्यावर थांबल्या. मी म्हटलं, "चला ना, इथूनच जाऊ." त्यांनी माझं मनगट पकडलं. इतकं घट्ट, की बांगडी आत रुतली. आणि मोठमोठ्याने बोलायला लागल्या. "ब्लाऊजचा टक्स कसा घ्यायचा सांगते तुला. आदी छातीचं माप, मग त्याचा चौथा भाग, मग खालून वर..." दुकानासमोर गर्दी होती. माणसं वळून बघायला लागली. काकूंचे डोळे माझ्या कानावर खिळले होते, दुसरीकडे कुठेच नाही. दुकान मागे पडलं, पुढचं पिंपळाचं झाड मागे पडलं, तरी त्या टक्स सांगतच होत्या. मग एका ओट्यावर बसल्या आणि त्यांनी माझं मनगट सोडलं. त्यावर त्यांच्या बोटांचे वळ होते.

"मी दारुडी हाय गो," त्या म्हणाल्या. "तुला माहीत नव्हतं?"

मुरबाडात दारुडे पुरुष मी पाहिले होते. बाई, तीही कुंकू लावलेली, नऊवारी नेसलेली, जिच्या हातचा ब्लाऊज घालायला टोकावड्यापासून बायका येतात अशी बाई, हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं.

"कधीपासून प्यायला नाहीत तुम्ही?"

"ते मी मोजत नाय. मोजलं की वाटतं, एवढे झाले, आता बास." त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "आज नाय प्याले. सांच्याला तू बसशील, म्हंजे आजचा दिस गेला."

त्यानंतरच्या संध्याकाळी त्यांनी मला तुकड्यातुकड्याने सगळं सांगितलं.

लग्नसराईत पाठ धरायची. दिवसदिवस मशीनवर वाकून पाठीचं पार धनुष्य व्हायचं. काका तेव्हा शनिवारी थोडी घ्यायचे. त्यांच्या बाटलीतलं एक टोपणभर काकूंनी औषध म्हणून घेतलं. पाठ मोकळी झाली. "पाठीसाठी घेतली, ती पाठीलाच लागली," त्या म्हणायच्या. पुढे पाठ दुखायची थांबली, पण टोपण थांबलं नाही. मग सकाळी हात थरथरायला लागला. शिवणाऱ्या बाईला सुईत दोरा ओवता येईना. घेतली की हात स्थिर. म्हणजे आता दारूशिवाय शिवता येईना आणि दारू पिऊन नीट शिवता येईना.

"कमी नाही करता आली?" मी विचारलं. तेव्हा मला तो प्रश्न फार साधा वाटला होता.

काकू हसल्या. त्यांचं हसणं कोरडं होतं. "कमी करायचं म्हनतेस? मी जेवढं कमी करायला राबले ना, तेवढी शेतात राबले असते तर बंगला झाला असता." मग त्यांनी आपले उपाय सांगितले. गिलासावर नेलपॉलिशने रेघ मारली, हिच्यावर जायचं नाही. पण गिलास किती वेळा भरायचा ते रेघ सांगत नव्हती. बाटली कपाटात ठेवून किल्ली पाटलीणबाईंकडे दिली आणि कपाटाचं बिजागर स्क्रू-ड्रायव्हरने उघडलं. फक्त रविवारी प्यायची शपथ घेतली आणि रविवार शनिवारी संध्याकाळीच सुरू होतो असं स्वतःला पटवलं. नुसती बिअर प्याली. पाणी जास्त घातलं. एक ब्लाऊज पुरा झाला तरच एक घोट, असं ठरवलं, तर ब्लाऊज भराभर व्हायला लागले. त्यातच सरळगावच्या एका नवरीचा हळदीचा ब्लाऊज त्यांनी दोन्ही बाह्या डाव्या लावून दिला. नवरी तशीच हळदीला बसली, एक हात वर होईना. सगळ्या मांडवाने नाव विचारलं, कोणी शिवला म्हणून. हे सांगताना काकू हसत होत्या आणि हसता हसता त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"आन हे. हे निम्मा गिलास ठेवून झोपायचे! निम्मा! तो तसाच पडलाय आन मानूस घोरतोय. मला यांचा एवढा राग यायचा. ती निम्मी मला झोपू द्यायची नाय. मी यांना विचारलं, तुमाला जमतं कसं? तर म्हनतात, असली तर असली, नसली तर नसली. हे वाक्य मला आजून कळलेलं नाय बघ. शब्द कळतात."

त्या उठल्या आणि कोपऱ्यातलं भाताचं पोतं ओढून आणलं. त्याच्या तोंडावरची शिवण मला दाखवली. मशीनची साखळी शिवण. "हिचं एक टोक हाय. ते सोडून कुठूनबी वढ, काय होत नाय. पन ते टोक वढलं की..." त्यांनी टोक ओढलं. सर्रकन सगळी शिवण उसवली, दोरा त्यांच्या हातात आला आणि पोत्याचं तोंड उघडं पडलं. "यांची शिवन ब्लाऊजची हाय. एक टाका गेला तर एकच टाका जातो. माझी ही अशी. कल्यानच्या डाक्टरनं सांगितलं, ही आता ब्लाऊजची होनार नाय कवाच. मला दहावा पेग नडला नाय गो. पहिला नडला, दर टायमाला."

कल्याणच्या दवाखान्यात त्या कशा गेल्या तेही ऐकलं. मशीनची सुई बोटातून आरपार गेली आणि त्यांना कळलं नाही. कापडावर लाल ठिपके दिसले तेव्हा त्यांना वाटलं, कुंकू सांडलं. घाबरून त्याच दिवशी एकदम बंद केली, तर दुसऱ्या दिवशी आकडी आली. काकांनी जीपमध्ये घालून कल्याणला नेलं. तिथून परत आल्या त्या ही सगळी शिस्त घेऊन. काकांनीही घरात बाटली आणणं सोडलं. त्यांना ते अवघड गेलं नाही.

त्यांना एकच मुलगी. शहापूरला दिलेली, तिथल्याच एका शाळेत ऑफिसात काम करायची. ती माहेरी क्वचित यायची आणि आली की उंबऱ्यातच आईला मिठी मारायची. मला ते फार छान वाटायचं. काकूंनी एकदा सांगितलं, "मिठी नाय ती. वास घेते. शाळेतनं आली की आदी माझा वास घ्यायची, मग दप्तर ठेवायची. लहानपनापासनं सवय." त्यांनी दोऱ्याचं टोक दातांनी तोडलं. "तिला माझ्यामुळं लागली. मला तिच्यामुळं."

मुलीला मुलगा झाला. बाळंतपण सासरीच केलं. बारशाला काकूंना बोलावणं आलं तेव्हा त्यांनी मला बरोबर घेतलं. आम्ही किन्हवलीवरून जाणाऱ्या एसटीने शहापूरला गेलो. वाटभर काकू सरबताची बाटली मांडीवर धरून बसल्या होत्या. बारसं नीट झालं. पाहुणे जेवत होते. बाळाला सर्दी झाली होती, नाकातून घर्र घर्र आवाज येत होता. तेव्हा मुलीच्या सासूबाईंनी फडताळातून एक लहानशी बाटली काढली आणि अगदी सहज काकूंच्या हातात दिली. "विहीणबाई, जरा ब्रँडी चोळा हो छातीला. मी पंगत बघते."

सासूबाईंना काही माहीत नव्हतं. मुलीने सासरी सांगितलंच नव्हतं. मुलगी दारात उभी होती, हातात वरणाचं भांडं. तिने पाहिलं. मीही पाहिलं. काकूंनी झाकण उघडलं. तळव्यावर चार थेंब घेतले. झाकण लावलं. बाळाच्या छातीला, पाठीला, तळपायांना हलक्या हाताने चोळलं. बाटली फडताळात ठेवली. मग मोरीवर जाऊन हात साबणाने धुतले, परत धुतले, लिंबाच्या सालीने घासले, परत धुतले. त्या बाहेर आल्या तेव्हा मुलीचे डोळे भरले होते. "आई, तू त्याला जवळ घेऊन बस," ती म्हणाली. "मी जेवून घेते."

येताना एसटीत काकू वेगळ्याच दिसत होत्या. चेहरा उजळलेला. "हातात आली गो," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "हातात आली आन काय झालं नाय."

मलाही तेव्हा ते विजयासारखंच वाटलं.

आठवडाभराने त्यांनी मला दिवेलागणीला सांगितलं, "तू आज वर बस. तुला वह्या तपासायच्या असतील." दुसऱ्या दिवशीही तेच. मी विचारलं तर म्हणाल्या, "आता गरज नाय. मी बरी झाले." काकांचा वास घेणंही बंद झालं. ते उंबऱ्यावर सवयीने मान पुढे करून उभे राहिले, तर या आतून ओरडल्या, "या की, उभे काय राहिलात?" काका आत आले, पण त्यांनी माझ्याकडे वर जिन्यात पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा भीती पाहिली.

घरात वासाचे बाम यायला लागले. डोकं दुखतं, पाठ दुखते, काकू सगळ्या अंगाला चोळायच्या. काकांनी एका रात्री जेवताना सरळ विचारलं, "घेतलीस काय?" काकूंनी ताट सरकवलं. "लेकीनं विश्वास ठेवला, तुमाला ठेवता येत नाय!" दुसऱ्या दिवशी जीप काढण्याआधी काकांनी घर धुंडाळलं. काही सापडलं नाही. आम्ही दोघंही काकूंना बघत राहायचो आणि त्या आम्हाला बघताना बघायच्या.

अशात मुलगी बाळाला घेऊन माहेरी राहायला आली. पहिल्यांदाच राहायला. उंबऱ्यात तिने आईला मिठी मारली, पण बामाच्या वासापुढे तिला काही लागलं नाही. काकांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "बाळाला एकटं ठेवू नको." ती चिडली. "बाबा, तिने ब्रँडी हातात घेऊन दाखवली मला. तुम्ही अजून तिथेच आहात."

रविवार होता. सकाळी काकू बाळाला न्हाऊ घालायला बसल्या. मागच्या मोरीत पाटावर, पाय लांब करून, नडग्यांवर पालथं बाळ. तेलाने ते चमकत होतं. मुलगी आत ओव्याची धुरी तयार करत होती. काका अंगणात जीप धूत होते. पाणी घालायला मी.

चुलीवरचं पाणी मी बादलीत ओतलं, वर गार घातलं. काकूंनी हात बुडवला. "गार हाय. आजून गरम वत." मी ओतलं. परत त्यांनी हात बुडवला. "आजून." मी ओतलं आणि या वेळी माझंच बोट सहज पाण्याला लागलं. चटकन मागे घेतलं.

"काकू, भाजतंय पाणी."

"काय भाजतंय? कोमट हाय." त्यांनी तांब्या भरला.

"काकू, थांबा. खरंच भाजतंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तांब्या बाळाच्या पाठीवर, हातभर अंतरावर तसाच धरलेला. बाळ मूठ चोखत होतं. मग त्यांनी तांब्या फरशीवर ठेवला आणि आपला हात बादलीत घातला. मनगटापर्यंत. आणि तसाच ठेवला. मी ओरडले, "काढा!" त्यांनी काढला नाही. त्या हाताकडे बघत होत्या, जणू दुसऱ्या कोणाचा आहे. बाहेर काढला तेव्हा तो मनगटापर्यंत लालभडक झाला होता.

मला वाटलं त्या आता काहीतरी सांगतील, हसतील, पाणी बदल म्हणतील. पाणी बदललं असतं तर न्हाणं झालं असतं. कोणाला काही कळलं नसतं. मलाही नाही.

"बाळाला उचल," काकू म्हणाल्या.

मी हललेच नाही.

"आदी बाळाला उचल माझ्या पायावरनं!" त्या इतक्या मोठ्याने ओरडल्या की अंगणातला पाण्याचा पाइप बंद झाला. मी बाळाला उचललं. ते तेलाने निसटत होतं, मी छातीशी आवळून धरलं. मुलगी धावत आली, मागून काका.

"मी प्यालेय," काकू म्हणाल्या. पाटावर तशाच बसून, पाय लांब. "सकाळी प्यालेय. बाळाला धरताना हात थरथरू नये म्हनून. शहापूरहून आले तवापासनं चालू हाय. पयला चमचाभर घेतला, बघायला, की मला काय होतंय का."

बाळ रडायला लागलं होतं. मुलीने ते माझ्याकडून घेतलं, आपल्या ओढणीत गुंडाळलं. ती आईसमोर उभी राहिली.

"लहानपणी मी रोज विचारायचे," ती म्हणाली. "तू रोज नाही म्हणायचीस. आज मी विचारलंही नव्हतं, आई."

"नाय विचारलंस."

"पण मी त्याला घेऊन जातेय."

"जा," काकू म्हणाल्या. "यांना सांग, स्टँडवर सोडायला."

तिने बॅग भरली. काकू मोरीतून उठल्या नाहीत. जीप गेल्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी मला सांगितलं, बाटल्या कुठे कुठे आहेत ते. एक मशीनच्या लाकडी टोपात. एक चिंध्यांच्या पोत्याच्या तळाशी. एक खळीच्या डब्यात, खळीतच बुडवलेली. मी त्या ओतून द्यायला निघाले तर म्हणाल्या, "वत. पन यांना लगेच बोलव. मला दवाखान्यात न्या. मागं एकदम सोडली तवा आकडी आली होती. घरी राहिले तर एक तर आकडी येईल नायतर मी परत पिईन."

काका मुलीला शहापूरच्या गाडीत बसवून तसेच परत आले. मी मागच्या सीटवर, काकू पुढे काकांच्या शेजारी. भाजलेल्या हाताला ओलं फडकं. मुरबाड सोडलं तेव्हा काकू म्हणाल्या, "गाडी थांबवायची नाय. मी सांगितलं तरी थांबवायची नाय."

"नाय थांबवत," काका म्हणाले.

अर्ध्या वाटेतच त्यांना घाम सुटला. रस्त्याच्या कडेला बार होते, ढाबे होते. त्या डोळे मिटून बसायच्या, मग उघडायच्या. रायत्याच्या पुलाआधी त्या म्हणाल्या, "जरा थांबवा. मळमळतंय." काकांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "थांबवा म्हनते ना! वकारी येतेय!" मी मागून प्लास्टिकची पिशवी पुढे केली. त्यांनी ती झटकली. "तुमाला दया नाय काय? मी मरतेय हिकडं!" त्यांनी दाराच्या मुठीला हात घातला. काकांनी एक हात स्टिअरिंगवर ठेवला आणि दुसऱ्याने त्यांचा दंड धरला. पूल आला, पूल गेला. काका रडत होते. गाल ओले, नजर रस्त्यावर, गाडीचा वेग तोच. काकूंनी त्यांच्या दंडावर नखं रोवली होती. कल्याणला दवाखान्याच्या दारात गाडी थांबली तेव्हा त्यांच्या शर्टाची बाही फाटलेली होती.

दवाखान्यातून त्या घरी आल्या तेव्हा वाळलेल्या शेंगेसारख्या झाल्या होत्या. डॉक्टरने त्यांना या वेळी एकट्याने लढायचं नाही असं बजावलं होतं. कल्याणात दारू सोडलेल्या माणसांचा एक गट आठवड्यातून एकदा जमायचा. काका त्यांना जीपमधून घेऊन जायचे आणि बाहेर थांबायचे. पहिल्या दिवशी मीही बरोबर होते. खोलीत सगळे पुरुष. नऊवारीतली बाई दारात बघून एकाने उठून सांगितलं, "ताई, पेशंटच्या घरच्यांची मीटिंग पलीकडे असते." काकू म्हणाल्या, "मीच पेशंट हाय," आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. पिशवीतून एक ब्लाऊज काढला आणि हातशिलाई घालत तासभर ऐकत राहिल्या. परतताना मी विचारलं, काय कळलं. "लई शिकलेली मानसं हायत तिथं," त्या म्हणाल्या. "त्यांनीबी गिलासावर रेघा मारलेल्या."

त्यांच्या सवयी परत आल्या. वास घेणं, कुरमुरे, बोलत जा बोलत ये. मी माझ्या खुर्चीत परत बसायला लागले. फक्त एक बदल झाला. रविवारी दुपारी त्यांनी नवीन वर्ग सुरू केला, काज-बटणाचा. मला आश्चर्य वाटलं, काज-बटण शिकायला वेगळा वर्ग कशाला? पहिल्या रविवारी एकच बाई आली, तीही मागच्या दाराने, तोंडावर पदर घेऊन. पुढे आणखी आल्या. एकीच्या हातात बटणाचा डबा असायचा, तो ती कधी उघडायची नाही. आतून कधी रडण्याचा आवाज यायचा, कधी मोठ्याने हसण्याचा. कोणी शेजारीण डोकावली तर काकू ठणकावून म्हणायच्या, "काजं चाललीत!"

मुलगी पुष्कळ दिवस आली नाही. फोन काकांना करायची. गणपतीत आली ती दिवसभरासाठी, नवऱ्यासोबत, आणि बाळ सगळा वेळ तिच्याच कडेवर होतं. काकूंनी ते मागितलं नाही. लांबून टाळ्या वाजवल्या, ते हसलं, तेवढंच. मुलीने सासरी सगळं सांगून टाकलं होतं. नंतर ती दोन-तीनदा आली, राहिली नाही. मग माझी बदली झाली आणि मी मुरबाड सोडलं.

गेल्या वर्षी एका लग्नासाठी तिकडे गेले होते, तेव्हा काकूंकडे गेले. त्यांनी उंबऱ्यातच माझा वास घेतला आणि "ये," म्हणाल्या. केस सगळे पिकलेत. उजव्या मनगटावर भाजल्याची गुळगुळीत खूण आहे. नातू आता शाळेत जातो. सुट्टीत येतो, आईबरोबर. आता मुलगी त्याला आजीकडे ठेवून बाजारात जाते, पण लवकर परत येते, काकू म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती.

आम्ही मागच्या दारी बसलो होतो. समोर ती मोरी. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काकू, त्या दिवशी पाणी बदलून घेतलं असतं तर मलासुद्धा संशय आला नसता. नातवाला तुम्हाला हातात घेता आलं असतं, ही सगळी वर्षं. कधी वाटतं का, नसतं बोललं तर बरं झालं असतं?"

त्यांनी मनगटावरच्या खुणेवरून अंगठा फिरवला. मला वाटलं, दुखावलं मी त्यांना.

"नसते बोलले तर कोनाला कळलं नसतं," त्या म्हणाल्या. "बरोबर हाय तुझं. आन मग दुसऱ्या दिवशी परत मीच त्याला पायावर घेतलं असतं."